घरच्या घरी गाणं रेकॉर्ड करताना : नव्या माइक-इंटरफेसबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मला गाणाऱ्या, पेटी-तबला वाजवणाऱ्या आणि भजनाला बसणाऱ्या मंडळींकडून येतात. बहुतेकांनी एक ऑडिओ इंटरफेस, एक कंडेन्सर माइक आणि एक हेडफोन घेतलेला असतो; लॅपटॉप घरात आधीपासून असतो. गिटार आणि ड्रम डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेली माहिती हवी तेवढी मिळते. पेटीसमोर माइक कुठे ठेवायचा हे सांगणारं फार कमी सापडतं, म्हणून इथली उत्तरं आपल्या गाण्याला धरून दिली आहेत.

इंटरफेस नेमकं करतो काय? माइक थेट लॅपटॉपला का नाही जोडायचा?

माइकमधून निघणारा विजेचा संकेत अगदी क्षीण असतो. इंटरफेस तो मोठा करतो, त्याचे आकडे करून यूएसबीतून लॅपटॉपला देतो, आणि लॅपटॉपमधून परत आलेला आवाज हेडफोनमध्ये सोडतो. लॅपटॉपच्या बारीक भोकात खुपसायचा स्वस्त माइक हे काम कसंबसं करतो, पण त्यात सुरुवातीपासूनच खरखर मिसळलेली असते. माइक आणि इंटरफेसमधली तीन पिनांची जाड वायर, म्हणजे एक्सएलआर, हीसुद्धा महत्त्वाची आहे. तिच्यात एकच संकेत दोन तारांतून सुलट आणि उलट जातो. वाटेत शिरलेला उपद्रव दोन्ही तारांत सारखाच शिरतो आणि इंटरफेसमध्ये वजा होऊन जातो. म्हणून ही वायर पाच-दहा मीटर लांब असली तरी चालते.

सगळं जोडलं, पण आवाजच येत नाही.

या क्रमाने बघा. इंटरफेसवर ‘४८ व्ही’ लिहिलेलं बटण दाबलंय का? कंडेन्सर माइकला ४८ व्होल्टची फँटम पॉवर लागते, त्याशिवाय तो मुका असतो. मग गेनचा नॉब, म्हणजे माइकचा संकेत किती मोठा करायचा ते ठरवणारा. मग सॉफ्टवेअरमध्ये त्या ट्रॅकचं रेकॉर्डचं लाल बटण. आणि सगळ्यात शेवटी, पण सगळ्यात महत्त्वाचं : सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये आवाज आत घेणारं उपकरण म्हणून तुमच्या इंटरफेसचंच नाव निवडलंय ना?

या शेवटच्या मुद्द्यावर मी अडून बसतो, त्याला कारण आहे. आमच्या आत्याला जात्यावरच्या ओव्या येत असत, सासरच्या आणि माहेरच्या दोन्हीकडच्या. एका मे महिन्यात ती चार दिवस राहायला आली तेव्हा मी नवा माइक लावला आणि तिने तासभर गाऊन दिलं. सॉफ्टवेअरमधल्या, आवाज किती मोठा ते दाखवणाऱ्या पट्ट्या हलत होत्या, आवाज येत होता, मी समाधानी होतो. ती आपल्या घरी परतल्यावर नीट ऐकलं तेव्हा कळलं, की सगळं लॅपटॉपच्या स्वतःच्या माइकमधून आलं होतं. ओव्यांपेक्षा लॅपटॉपच्या पंख्याची घरघर मोठी. पुढच्या वर्षी पुन्हा बसायचं ठरलं होतं, पण त्याआधीच ती गेली. ती फाइल मी अजून जपून ठेवली आहे, आणि तेव्हापासून रेकॉर्ड करण्याआधी एक गोष्ट चुकवत नाही : माइकच्या जाळीवर नखाने हळूच टकटक करायची, मग लॅपटॉपच्या अंगावर करायची. पहिल्या टकटकीला पट्टी उसळली पाहिजे, दुसरीला जवळजवळ स्वस्थ राहिली पाहिजे. दहा सेकंदांचं काम आहे.

आवाज येतो, पण लांबून, दबल्यासारखा.

बहुधा तुम्ही माइकच्या टोकात गाताय. हातात धरायच्या माइकची सवय असते, म्हणून तसं होतं. घरगुती वापराचे बरेचसे मोठे कंडेन्सर माइक बाजूने ऐकतात. ज्या बाजूला कंपनीचं चिन्ह किंवा हृदयासारखी छोटी आकृती असते ती बाजू तोंडाकडे हवी. ती आकृती म्हणजे माइक कुठून ऐकतो त्याचा नकाशाच : समोरून पूर्ण, कुशीतून कमी, पाठीमागून जवळपास काहीच नाही. ही पाठ पुढे फार उपयोगी पडते.

फँटम पॉवरने माइक जळतो का?

हातात धरायचा साधा डायनॅमिक माइक नीट एक्सएलआर वायरने जोडलेला असेल तर त्याला काही होत नाही. जुन्या रिबन माइकला मात्र धोका असतो. सवय एकच लावून घ्या : वायर काढता-घालताना गेन शून्यावर, ४८ व्ही बंद. त्याने माइकही सुखरूप राहतो आणि हेडफोनमधल्या ‘फट्ट’ आवाजापासून कानही वाचतात.

गेन किती ठेवायचा?

गुणगुणत गेन लावू नका. जे गाणार आहात त्यातली सगळ्यात जोरकस जागा खऱ्या ताकदीने गा. तार षड्जावरची पुकार असेल किंवा गजराचा शेवट असेल, तेव्हा सॉफ्टवेअरमधली पट्टी उणे १२ ते उणे १० डेसिबलच्या आसपास पोचली पाहिजे. शून्याला टेकली की आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज नंतर कुठल्याही उपायाने सांधत नाही. ‘लहान वाटतोय’ म्हणून घाबरू नका. २४ बिटमध्ये (आवाज किती बारकाईने मोजून साठवायचा, ती सॉफ्टवेअरमधली निवड) रेकॉर्ड करत असाल तर खाली भरपूर जागा असते, आवाज नंतर वाढवता येतो. माणूस रंगला की तालमीपेक्षा मोठ्याने गातो, त्यासाठी ही वरची मोकळीक राखायची.

आमची खोली घुमते. स्टुडिओसारखा फोम लावावा का?

आधी खोलीच्या मध्यावर उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीमागे ‘टर्रर्र’ असा धातूसारखा शेपटा ऐकू आला, तर समोरासमोरच्या उघड्या भिंती आवाज एकमेकींकडे टोलवताहेत. फरशी, प्लास्टर, काच यांची आपली घरं अशी वाजतातच.

फोमचे पातळ चौकोन फक्त वरचे, तीक्ष्ण सूर गिळतात. खर्जाची घुमघुम तशीच राहते आणि आवाज बोदा होतो. अंड्यांचे ट्रे तर त्याहून निरुपयोगी, शिवाय पेट घेतात. आपल्याकडे त्याहून चांगली वस्तू घरात आहे : गोधडी. जाड, जुन्या साड्यांची, पाच-सहा पदरी. दोन गोधड्या गाणाऱ्याच्या पाठीमागे दोरीवर सोडा, कारण माइक तोंड करून त्याच दिशेला ऐकत असतो. खाली सतरंजी, शक्य असेल तर एका बाजूला कापसाची गादी उभी. कपड्यांनी भरलेलं कपाट असेल तर दारं उघडी टाका. खोलीच्या अगदी कोपऱ्यात बसू नका, तिथे खर्ज फुगतो; अगदी मधोमधही नको.

माइक आणि खोली यांत पैसे आणि मेहनत वाटायची असेल, तर मी खोलीच्या बाजूने. चांगल्या खोलीत साधा माइक छान लागतो. घुमणाऱ्या खोलीत महागडा माइक ती घुमघुम अधिक बारकाईने टिपतो, एवढाच फरक.

बाहेरच्या आवाजाचं काय करायचं?

वेळ निवडा. आमच्याकडे दुपारी दोन ते चार बरं असतं : कुकरच्या शिट्ट्या संपलेल्या, शाळेच्या रिक्षा अजून यायच्या. पंखा बंद, फ्रिजही बंद. फ्रिज बंद करताना घराची किल्ली त्यात ठेवा. बाहेर पडताना ती शोधाल आणि फ्रिज सुरू करायची आठवण होईल. मध्येच कावळा ओरडला तर थांबू नका, तेवढी ओळ पुन्हा म्हणा, नंतर जोडता येते.

माइक तोंडापासून किती लांब?

एक वीत ते दीड वीत, म्हणजे साधारण २० ते ३० सेंटिमीटर. त्याहून जवळ गेलात की खर्ज फुगतो. निवेदनाला ते भारदस्त वाटतं, पण ख्यालाच्या मंद्र सप्तकात चिखल होतो. माइक तोंडाच्या थेट रेषेत न ठेवता जरा बाजूला किंवा वर ठेवा आणि तोंडाकडे वळवा, मध्ये पॉप फिल्टरची जाळी असू द्या. नाहीतर ‘पांडुरंग’ म्हटलं की ‘प’चा वारा माइकच्या आतल्या पडद्यावर धप्पकन आदळतो.

अंतराचं हे भान जुनं आहे. १९०२ साली कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्गने गायिका गौहरजानचं गाणं ध्वनिमुद्रित केलं तेव्हा वीजच वापरात नव्हती. कर्ण्यात गायचं आणि त्या आवाजाच्या ताकदीने सुईने मेणावर रेघ कोरायची. अशा मुद्रणात मोठ्या सुराला मागे सरणं आणि हळव्या जागेला कर्ण्याजवळ जाणं गायकालाच करावं लागे. तुम्हीही तसंच करा. तार सप्तकात जाताना चार बोटं मागे झुका. हे शरीराला एकदा लागलं की नंतरची अर्धी दुरुस्ती उरत नाही.

मी पेटी वाजवत गातो. एकच माइक आहे.

इथे माइकची पाठ कामाला येते. माइक हनुवटीच्या उंचीवर आणा आणि किंचित वर, ओठांकडे बघेल असा लावा. म्हणजे त्याची पाठ खाली पेटीकडे होते. पेटी तरीही येईल, पण मागे, जिथे ती असायला हवी तिथे. मग एक मिनिट रेकॉर्ड करून ऐका. पेटी वरचढ असेल तर गेनला हात लावू नका, माइक दोन बोटं तोंडाकडे सरकवा.

पेटीला वेगळा माइक असेल तर तो समोरून, अर्धा-पाऊण मीटरवर, थोडा वरून. भात्याच्या बाजूला अजिबात नको, नाहीतर हवेचा फुसफुसाट आणि बिजागरीची कुरकुर सुरांच्या बरोबरीने येते. फार जवळ नेलात तर पट्ट्यांची खटखट ऐकू येते. ज्या पट्टीखालचं बनातीचं कापड झिजलंय ती पट्टी रेकॉर्डिंगमध्ये लगेच ओळखू येते. आधी दुरुस्त करून घ्या.

तबला-डग्ग्याचं?

एक माइक असेल तर दोघांच्या मधोमध, वर हातभर अंतरावर. दोन असतील तर तबल्याला एक, डग्ग्याला एक, सुमारे एक वीत वरून, तिरके, वादकाच्या हाताला लागणार नाहीत असे. तबल्याचा माइक चाट आणि शाईच्या मधल्या भागाकडे रोखा. नुसता चाटेवर रोखलात तर ‘ना’ टोचतो. डग्ग्यावर माइक फार खाली आणलात तर घिस्सा देताना हवेचा झोत येतो.

दोन माइक वापरलेत की दोन्ही ट्रॅक एकत्र करून ऐका आणि मग त्यातल्या एकाचं ‘फेज’चं बटण उलटं करून पुन्हा ऐका. ज्या स्थितीत डग्गा भरदार वाटतो ती ठेवा. एकच आवाज दोन माइकांत थोड्या वेळाच्या फरकाने पोचतो आणि काही सूर एकमेकांना खाऊन टाकतात, म्हणून हे करायचं. दोन गायकांना दोन माइक देतानाही हाच त्रास होतो. तिथे उपाय असा : गायक आपल्या माइकपासून जितका लांब, त्याच्या निदान तिप्पट अंतर दोन माइकांमध्ये ठेवा.

टाळ आणि चिपळ्या सहा-आठ फूट लांब बसवा. त्यांचा टोकदार आवाज जवळून फाटतोच फाटतो.

तानपुरा ॲपचा चालेल का? मागची खरखर काढायला ‘नॉइज रिडक्शन’ वापरावं का?

ॲपचा चालेल, पण खोलीत स्पीकरवर लावू नका. तो गाणाऱ्याच्या माइकमध्ये शिरला की नंतर वेगळा काढता येत नाही. हेडफोनमध्ये द्या आणि शेवटी वेगळ्या ट्रॅकवर टाका. इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याची पेटी वायरने जोडत असाल तर ती ‘लाइन’च्या इनपुटला, ‘इन्स्ट’ लिहिलेलं बटण गिटारसाठी असतं.

घरात खरा तानपुरा असेल, तर माइक घोडीपासून वीत-दीड वीत अंतरावर, भोपळ्याकडे जरा कललेला. आणि तिथे नॉइज रिडक्शन कृपा करून लावू नका. ते सॉफ्टवेअर सतत, न बदलता चालणाऱ्या आवाजाला कचरा समजतं. तानपुरा सतत आणि न बदलताच चालतो. जवारीतून जे बारीक, झिणझिणतं तेज उठतं, ज्यात कान लावला की गांधार आपोआप ऐकू येतो, तेच आधी पुसलं जातं. उरतो तो कुणीतरी उशीखाली दाबलेला तानपुरा. मिरजेच्या कारागिरांनी घोडीवरचा, तारेखालचा दोरा रेसभर सरकवून जो सूर मोकळा केला, तो एका क्लिकमध्ये घालवायचा नाही. थोडी खरखर राहिली तरी चालेल. पंखा बंद करणं हा त्यावरचा खरा इलाज.

हेडफोनमध्ये माझाच आवाज उशिरा येतो आणि लय चुकते.

याला लेटन्सी म्हणतात. लॅपटॉप आवाजाचे नमुने टोपलीत भरतो आणि टोपली भरली की पुढे सरकवतो. ती टोपली म्हणजे बफर. ४८ किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ४८ हजार नमुने घेताना, २५६ नमुन्यांच्या बफरला ५.३ मिलिसेकंद लागतात, १०२४ ला २१. येताना-जाताना दोन्हीकडे ही टोपली असते. आवाज हवेतून एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे मीटरभरावर बसलेल्या तबलजीचा ठेका तुम्हाला ३ मिलिसेकंदांनी पोचतो आणि ते कुणालाच खटकत नाही. चाळीसच्या पुढे मात्र जीभ अडखळते.

सोपा मार्ग : इंटरफेसवरचं ‘डायरेक्ट मॉनिटर’ सुरू करा. मग तुमचा आवाज लॅपटॉपला वळसा न घालता थेट कानात येतो. त्याच वेळी सॉफ्टवेअरमध्ये त्या ट्रॅकचं मॉनिटर बंद करा, नाहीतर दोन आवाज येतील. विंडोज असेल तर इंटरफेसच्या कंपनीचाच एएसआयओ ड्रायव्हर (हा उशीर कमी करणारं छोटं सॉफ्टवेअर) घाला. ब्लूटूथ हेडफोन रेकॉर्डिंगला वर्ज्य; त्यांचा उशीर बफर कमी करून जात नाही.

४४.१ की ४८? १६ की २४ बिट?

४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. व्हिडिओलाही हेच जुळतं. एका माइकचं एक मिनिट साधारण साडेआठ एमबी होतं, तासाला अर्धा जीबी. ९६ किंवा १९२ च्या मागे लागू नका, घरच्या कामात त्याने फक्त डिस्क भरते.

मागे सतत ‘हुंऽऽ’ असा आवाज.

तो विजेचा ५० हर्ट्झचा सूर आणि त्याच्या पटी. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. गेला तर कारण सापडलं. सगळी उपकरणं एकाच बोर्डवर लावा, डिमर आणि ट्यूबलाइटपासून वायर दूर ठेवा. प्लगची जाड अर्थिंग पिन तोडून हा आवाज थांबवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, त्यात जीव जाऊ शकतो. बोर्डला अर्थिंग आहे का हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

कुठलं सॉफ्टवेअर?

ॲपलचा लॅपटॉप असेल तर गॅरेजबँड त्यात फुकट मिळतं. नसेल तर ऑडॅसिटी फुकट आहे आणि एक-दोन ट्रॅकला पुरतं. पेटी, तबला, गाणं असं वेगवेगळं घेणार असाल तर रीपर शिका. ६० दिवस वापरून बघता येतं आणि जुन्या लॅपटॉपवरही हलकं चालतं. एक निवडा आणि वर्षभर बदलू नका.

क्लिकवर, म्हणजे हेडफोनमध्ये ठरलेल्या लयीत वाजणाऱ्या टिकटिकीवर, गावं का?

सुगम संगीत, ज्यात नंतर बरीच वाद्यं भरायची आहेत, तिथे हो. भजनाला आणि ख्यालाला नको. भजनात लय चढत जाते, तीच त्यातली मजा. क्लिक तिचे पाय बांधते. तबलजीला त्याच खोलीत बसवा, दोन माइक लावा, एकमेकांचा आवाज एकमेकांत थोडा शिरू द्या. डोळ्याला डोळा भिडून आलेली सम नंतर जोडून आणता येत नाही.

सूर दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर लावू का?

ही सॉफ्टवेअर बारा सारख्या पायऱ्यांची शिडी धरून चालतात आणि गळा त्यांतल्या जवळच्या पायरीवर खेचतात. दरबारीचा कोमल गांधार पायरीवर उभा राहतच नाही. तो खाली उतरून आंदोलत असतो. सॉफ्टवेअर त्याला ‘चुकलेला’ ठरवून सरळ करतं आणि दरबारी संपतो. मींडेच्या जागी जिन्याच्या पायऱ्या ऐकू येतात. सूर लागला नाही तर पुन्हा गा. आणि काळी एक की काळी दोन हे तानपुऱ्याशी आधी नीट जुळवून घ्या. निम्म्या तक्रारी तिथेच असतात.

त्याऐवजी एवढंच करा : ८० हर्ट्झच्या खालचं कापा, कॉम्प्रेसर (मोठा-लहान आवाज जवळ आणणारा) अगदी हलका, रिव्हर्ब (खोलीसारखी घुमी) ‘आहे असं वाटतंय’ म्हणण्याच्या एक पाऊल अलीकडे.

पावसाळ्यात काय काळजी?

कंडेन्सर माइकचा पडदा दमटपणाने चुरचुरतो. कोकणात तर जूनपासून सप्टेंबरपर्यंत जपावंच लागतं. झाकणाच्या हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, पुड्या अधूनमधून वाळवा. उन्हात माइक ठेवायचा नाही.

यूट्यूबवर टाकलं तर कॉपीराइटची अडचण येईल का?

संतांच्या अभंगांचे शब्द सर्वांचे आहेत. चालीचं तसं नाही. भारतात संगीतकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालीवर हक्क राहतो, तेव्हा रेडिओवर ऐकलेल्या चालीवर म्हणत असाल तर परवानगीचा प्रश्न येतो. परंपरेने आलेली वारकरी चाल असेल तर निर्धास्त म्हणा.

आईला माइकसमोर बसवलं की तिचा गळा आखडतो.

माइक आदल्या दिवशीच स्टँडवर लावून ठेवा आणि तसाच राहू द्या. दुसऱ्या दिवशी तो घरातल्या कपडे वाळत घालायच्या काठीइतकाच ओळखीचा होतो. तिला हेडफोन घालू नका. स्वतःचा आवाज कानात आला की ती दचकते. स्क्रीन तिच्या नजरेआड ठेवा. ती नेहमी जशी बसते तशी बसू द्या. मांडीवर सूप घेऊन तांदूळ निवडत गात असेल तर सूपही असू द्या, माइक जरा वर घ्या.

‘सुरू करू का’ विचारू नका. रेकॉर्डिंग आधीच सुरू करून ठेवलंय हे तिला सांगा, आणि मग गप्पा मारा : हे गाणं कुणाकडून आलं, कुठल्या लग्नात म्हटलं, पुढची ओळ विसरली तर मावशीला आठवेल का. गाणं मध्येच येईल. ते संपल्यावर लगेच बंद करू नका, कारण ‘अगं, अजून एक कडवं होतं’ हे नेहमी नंतरच येतं. त्या रात्रीच फाइलला तारीख आणि तिचं नाव द्या, एक प्रत पेनड्राइव्हवर करा आणि एक दुसऱ्या गावी राहणाऱ्या भावा-बहिणीकडे पाठवा.